माउस कायले पाहिजे?

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, या विचारातच माझा अर्धा चहा निवला. पण कुणाकडून तरी कळणारच, तर माझ्याच तोंडून ऐका.

माझा साळा दिलीप आसगावला धान पिकवतो आणि दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेसाठी, नाटकं लिहितो. मोबाइलवर लिहून डोळे दुखायला लागले, म्हणून नव्या नाटकाचा शेवटचा प्रवेश टाइप करायला तो साकोलीला आमच्याकडे आला. आमचा कॉम्प्युटर जुना. त्यावर साधं नोटपॅड तेवढं चालतं. सकाळपासून बसून त्यानं प्रवेश संपवला आणि नेमका माउस बंद पडला.

"भाऊजी, गाणं अलग पानावर लिवाचं होतं. आता नवीन नोटपॅड कसं उघडू?"

"त्याले माउस कायले पाहिजे? तू चहा घे, मी उघडून ठेवतो."

शॉर्टकट शिकवायची मला भारी हौस. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, छोटी चौकट येते, तिच्यात नोटपॅड टाइप करून एंटर. केलं. काहीच नाही. पुन्हा केलं. चौकट येई, जाई, नोटपॅड काही येईना. माणसानं वाट तरी किती पाहायची हो? चिडून मी तेच करत सुटलो. एंटर असा हाणला, की काय फोडून राहिले म्हणून बायकोनं आतून विचारलं.

आणि मग कॉम्प्युटरला जाग आली. एकावर एक कोरे नोटपॅड उघडायला लागले, थांबायचं नाव नाही! दिलीप यायच्या आत निस्तरायला हवं होतं. ऑल्ट आणि एफ-फोर दाबलं की समोरचं बंद होतं, हेही मला येत होतं. एक गेलं, दुसरं गेलं, हाताला लयच सापडली. मध्येच एकानं विचारलं, सेव्ह करायचं का? कोऱ्या पानात काय डोंबल सेव्ह करायचं? वैतागून एन दाबला, नाही म्हटलं.

स्क्रीन साफ झाली. दिलीप कप घेऊन दारात उभा.

"भाऊजी, माहा प्रवेश कुठं गेला?"

"तू सेव्ह नव्हता केला?"

"सेव्ह कराच्या टायमालेच त माउस बंद पडला. अन् तुम्ही म्हणले, चहा घे."

तो जेवलासुद्धा नाही. गावी जाऊन त्यानं सगळा प्रवेश हातानं नव्यानं लिहिला.

मंडईला मला जाता आलं नाही. नंतर बसस्टँडवर आसगावचे एक ओळखीचे काका भेटले. म्हणाले, नाटक जोरदार झालं, पण शेवटी येणाऱ्या जावयानं सगळ्यात जास्त हसवलं. सगळं मलाच येतं म्हणतो आणि ज्याला हात लावतो त्याचं वाटोळं करतो.

मीही हसलो. काय करणार?

काका म्हणाले, "पुढच्या साली तो पार्ट तुम्हीच करा भाऊ. तुमाले पाठ कराचं कामच नाही."