आईचे शंभर टक्के

भूकंपानंतर महिना-दीड महिना आम्ही लातुरात घराबाहेरच राहिलो. घर उभं होतं, पण आत पाऊल टाकायला जीव धजत नसे. अंगणातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून आई माझ्या वडिलांची पुस्तकं वाचायला लागली ती तेव्हा. सातवीनंतर तिचं लग्न झालेलं. तिच्या हाती पुस्तक यायला बहुधा घरच हलावं लागलं. मी तिच्या पायाशी आडवी पडून डोळा लागता लागता पान उलटल्याचा आवाज ऐकत असे. तो ऐकू येई तोवर जमीन हलायची भीती वाटत नसे. पुस्तक संपत आलं की आई उरलेल्या पानांची जाडी अंगठ्यानं चाचपायची आणि मुद्दाम सावकाश वाचायची.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. बिलोली, नायगाव, उदगीर, कुठकुठली पोरं आमच्या गल्लीत खोल्या करून राहू लागली. आईनं खानावळ काढली. वीसेक वर्षं ती पोळ्या लाटत राहिली आणि दर निकालाला दारात एकच प्रश्न असायचा, किती पडले? टक्के म्हणजे मार्क, दुसरे कुठले टक्के आमच्या गल्लीला ठाऊकच नव्हते.

खानावळ बंद झाली, हाताशी वेळ आला आणि नेमका डोळ्यांनी दगा दिला. छापील अक्षर पुसट दिसतं म्हणून तिनं वाचणंच सोडलं. मी नांदेडला नोकरीला. फोनवर ती नुसतं "बसले हाय" म्हणायची. शेवटी मी तिला पुस्तकं वाचायचं यंत्र नेऊन दिलं. पाटीहून लहान, वजनाला हलकं, अक्षर हवं तेवढं मोठं. तिनं अक्षरं हरभऱ्याएवढी करून घेतली आणि भर दुपारी उताणी पडून वाचायला लागली. किती वाचून झालं ते खाली कोपऱ्यात टक्क्यांत दिसतं, एवढं सांगायचं मात्र मी विसरले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "माय, आज बारा पडले. लई कमी हायेत गं."

क्षणभर मला कळेना, मग हसून हसून पुरेवाट झाली. "वाढतील," मी म्हणाले. खरं सांगायला हवं होतं, पण तिचा आवाज शाळकरी पोरीसारखा कोवळा झाला होता आणि मला तो मोडवेना. मग रोज संध्याकाळी निकाल यायचा. पस्तिसाला ती पास झाली, साठाला फर्स्ट क्लास. मी गच्चीवर फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकायची. वाटायचं, वय उलटं चाललंय. ती शाळेतून येतेय आणि मी दारात वाट बघतेय.

शंभर पडले त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले. पुढं आठवडा गेला तरी निकाल नाही, तेव्हा मीच विचारलं, "दुसरं पुस्तक उघडलं का?"

"न्हाई. उघडलं की हे शंभर जातील ना."

छापील पुस्तक वाचून झालं तरी फळीवर दिसत राहतं; यात मागं काही उरत नाही, असं तिला वाटत होतं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते वाचणंच बंद पडलं होतं, आणि तेही माझ्यामुळं. माझा मलाच राग आला. रविवारी एसटी धरून लातूर गाठलं. यंत्र रुमालात बांधून उशाखाली ठेवलेलं होतं.

"आई, हे मार्क नाहीत गं," मी म्हणाले. "किती वाचलंस तेवढंच ते सांगतं. शेवटपर्यंत जो वाचेल त्याला शंभर."

तिनं उशाखालून यंत्र काढून मांडीवर घेतलं. हिरमुसली असणार, मला वाटलं.

"कुनालाबी?"

"कुणालाही."

"कितीबी दमानं वाचलं तरी?"

"हो."

तिनं रुमालाची गाठ सोडली. "हे बरं हाय की," ती म्हणाली. "असे मार्क द्यायचं कुनाला सुचलं असतं, तर माझ्या दारातून एक बी लेकरू रडत गेलं नसतं."

आणि तिनं दुसरं पुस्तक उघडलं.