हालु ब्याडा

माझ्या लेकाला बिरोबानं वाचवलं की माझ्या अर्धवट कन्नडनं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या वर्षीच आम्ही उदगीर सोडून कर्नाटकात मादन हिप्परग्याला सासरी राहायला आलो होतो. सहा वर्षांच्या पोराला सर्दी-ताप आला, उतरलाही, आणि सकाळी बघते तर त्याला पाऊल टेकवेना. पोटऱ्या दगडासारख्या, हात लावला की किंकाळी. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट.

सासूबाईंचं ठरलेलं होतं. "पाय धरलेत त्याचे. तेल चोळून बिरोबाला पाच फेरे चालवायचं, आपल्यात असंच करतेत." नको कशाच्या जोरावर म्हणायचं? देवळात पोचल्यावर सासूबाई पुजाऱ्याकडे तेल आणायला गेल्या. मी प्रसादाचं दूध पोराच्या तोंडाला लावलं, तर त्यानं ते ओकून टाकलं. ओट्यावर बसलेली एक अनोळखी म्हातारी म्हणाली, "हालु ब्याडा यव्वा, नीर कुडसु."

ब्याडा म्हणजे नको, एवढं कन्नड मला येत होतं. सासूबाईंकडून दिवसभर तेच तर ऐकायचे. नीर म्हणजे पाणी. हालू तर मराठीच. हालू नको, पाणी पाज! मला वाटलं, हा देवाचाच कौल. सासूबाई तेल घेऊन आल्या तोवर म्हातारी उठून गेली होती. मी पोराला कवटाळलं.

"न्हाई आत्या, चोळायचं न्हाई, चालवायचं न्हाई. हालू नको म्हणलंय."

"कुणी म्हणलंय?"

"देवानं!"

त्या चिडल्या, पण देवाचं नाव आल्यावर त्यांनी तेल खाली ठेवलं. आमच्या यांनी पोराला आडवंच ठेवून, घोट घोट पाणी पाजत गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "तापानंतर पायाचं मांस झिजून लघवीत उतरायलंय. मूत्रपिंडावर बेतलं असतं. चोळलं न्हाई, चालवलं न्हाई, लई बरं केलंत, बाई." सलाईन लावलं. लघवी निवळली आणि पोर हळूहळू पायावर उभं राहिलं.

घरी आल्यावर शेजारच्या अक्कानं वाटी पुढं केली. "हालु तगो, यव्वा." वाटीत दूध होतं. हालु म्हणजे दूध! ओकणाऱ्या पोराला दूध देऊ नको, एवढंच म्हातारी म्हणत होती. मग फेरे कुणी थांबवले? मला हसू आलं आणि रडूही. विचार करकरून डोकं शिणलं, शेवटी सगळं बिरोबाच्याच पायाशी सोडून दिलं. सासूबाई आता गावभर सांगतात, बिरोबा आमच्या सुनेशी मराठीत बोलला. ते खोटं आहे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मी नुसती हात जोडते.