कानाने शिकवलेली भूमिती

सरांनी एका बाईला तीन महिने भूमिती नुसती ऐकवली. सराव परीक्षेत तिला शंभरात एकोणीस गुण मिळाले, तेव्हा राग मात्र त्यांना तिचाच आला.

शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांना सर घरून ऑनलाइन गणित शिकवायचे. विद्यार्थी एकतीस. ज्याला जसं उमगतं तसं शिकवायचं, या हौसेपायी त्यांनी प्रवेशालाच फॉर्म ठेवला होता: पाहून शिकता, ऐकून, की करून? म्हणजे प्रत्येक धडा तीनदा. घसा बसला, डोळे चुरचुरू लागले, आणि बायको म्हणायला लागली की घरात तीन-तीन मास्तर आहेत, नवरा तेवढा दिसत नाही.

ही बाई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. दहावी झाली तर नमुने कापायच्या खात्यात बदली, म्हणजे पाठीला सुटका. नापास झाली तर ती जागा दुसरीला. परीक्षा पाच दिवसांवर.

सरांनी फोन करून खोचकपणे विचारलं, धडे ऐकता तरी का? ती म्हणाली, दोन-दोनदा ऐकते.

"मग फॉर्मवर 'ऐकून' का लिहिलंत?"

"डोळे सुईला, हात कापडाला. कानच मोकळे होते, सर. तेच लिहिले."

सरांनी तिच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारून घेतली.

मग चार दिवस तिच्या जेवणाच्या सुट्टीत वीस-वीस मिनिटं शिकवणी झाली. फोन डब्याला टेकवलेला, समोर कात्री आणि कापडाचे तुकडे. कॉलर मधोमध दुमडली की दोन्ही टोकं एकावर एक बसलीच पाहिजेत, नाहीतर माल परत येतो, हे तिनेच सांगितलं. सर म्हणाले, समद्विभुज त्रिकोणही असाच, मधोमध दुमडला की दोन्ही बाजू जुळतात.

"एवढंच? मग तीन महिने काय सांगत होतात?"

सर हसले, पण थकल्यासारखे.

चार सुट्ट्यांत वर्तुळ काही बसलं नाही. ते परीक्षेनंतर निवांत शिकवतो, असं सरांनी कबूल केलं. वर्तुळाचे दोन्ही प्रश्न सोडून ती अडतीस गुणांनी पास झाली आणि कापायच्या खात्यात गेली. तिचा निरोप आला: पास झाले, आता वर्तुळ कधी?

सरांनी लिहिलं, उद्या नक्की.

त्याला सहा आठवडे झाले. सर सध्या उरलेल्या तीस जणांना एकेक फोन करून विचारतायत, फॉर्म भरताना नेमकं काय मनात होतं? अकरावा फोन चालू आहे. वर्तुळाचा धडा तिला अजून गेलेला नाही.