तांबड्या ट्रॅक्टरचं नाक

जळकोटच्या शिवलिंगप्पांकडं वडिलांच्या वेळचा एक तांबडा ट्रॅक्टर आहे. गोल नाकाचा, पुढं दोन दिवे डोळ्यांसारखे बाहेर आलेले. एकदा हायवेवरच्या हॉटेलात गावच्या अमरसिंहानं त्याला भंगार म्हटलं. अमरसिंहानं नुकताच नवा ट्रॅक्टर घेतला होता, आणि त्याच्या टायरांवरचे केससुद्धा अजून झडले नव्हते.

शिवलिंगप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ह्याचं नाक कुणाचं हाय, ठावं हाय का?"

"कुणाचं?"

"आमच्या बैलाचं. निजामाच्या टायमाला एक विलायती साहेब सडकेच्या कामावर आलता. आमचा बैल बघून खुळाच झाला. बसून चित्तर काढलं, आन् तिकडं जाऊन हुबेहूब तसा ट्रॅक्टर केला."

हे सगळं त्यांना बशी ठेवता ठेवता सुचलं होतं. त्यांच्या घरी बैल कधी नव्हताच. पण हॉटेलात कुणी हसलं नाही. उलट एक जण बाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "कपाळ तर बैलाचंच हाय."

घरी बायकोनं, कमलबाईंनी विचारलं, "आपला बैल कोणता ओ?"

"होता. तू यायच्या आधी."

कमलबाईंनी भाकरी तेवढी जरा जोरात थापली.

गोष्ट गावोगाव फिरली. पुढं शिवलिंगप्पा तामलवाडीला एका लग्नाला गेले. पंगतीत शेजारी नागप्पा नावाचे म्हातारे होते. ते पलीकडच्याला सांगत होते, की जुन्या तांबड्या ट्रॅक्टरचं नाक त्यांच्या आज्याच्या बैलावरून घेतलंय.

शिवलिंगप्पांची बुंदी हातातच राहिली.

"बैल जळकोटचा व्हता," ते म्हणाले.

"तुमाला कुणी सांगितलं?"

प्रश्न अवघड होता. "समद्या जिल्ह्याला ठावं हाय."

"मंग रंग सांगा."

"तांबडा. म्हणून तर ट्रॅक्टर तांबडा."

"आमचा बी तांबडाच. आन् डाव्या शिंगाला तडा व्हता."

शिंगाचं आपल्याला सुचलं नाही, याचा शिवलिंगप्पांना लई राग आला. नागप्पांनी आज्याची शपथ घेतली. शिवलिंगप्पांनी तुळजाभवानीची घ्यायला तोंड उघडलं, पण आईला मधे घालायची छाती होईना. त्यांनी बैलाचीच घेतली.

पंगत अडली. वाढपी बादल्या घेऊन ऐकत उभे. शेवटी नवरीचे मामा बालाजी आले.

"साहेब दोन्ही गावांला आला आसंल. नाक जळकोटचं, मागची बाजू तामलवाडीची. आता भात घ्या."

"मागची?" नागप्पांनी विचार केला. "चालंल. सगळा जोर मागंच आसतोय."

आठवड्यानं नागप्पा जळकोटला आले. ट्रॅक्टरच्या मागं जाऊन मोठ्या चाकावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. डोळे पाणावले होते. ते गेल्यावर शिवलिंगप्पा बेचैन झाले.

"ह्याच्या आज्याचा बैल खरंच व्हता का गं?"

"तुमी दोघं मिळून ठरवा," कमलबाई म्हणाल्या.

त्यांनी ठरवलंही. आता दोघं लग्नकार्यात शेजारी बसून गोष्ट सांगतात. अलीकडं तिच्यात साहेबाबरोबर छत्री घेतलेली एक मडमही आली आहे. ती नागप्पांनी आणली.