मायचा हेल

परभणीच्या कॉलेजात नाटकाच्या वर्गात मला एका राणीचं स्वगत मिळालं. रणांगणावर मुलाचं प्रेत मांडीवर घेऊन ती बोलते, तेही शार्दूलविक्रीडितात. चार आठवडे मी ते घोकलं आणि सर दर वेळी एकच म्हणायचे, "पाढे म्हणतेस का? पोरगं मेलंय तुझं." ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मधोमध उभं केलं होतं. ती जागा मला सोडायची नव्हती.

आमच्या झरीकडं मयतीत बाया हेल काढून रडतात. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या आठवणी लांबवत, गाण्यासारखं. माझी माय शेळ्या राखणारी बाई, पण तिच्यासारखा हेल गावात कुणाचा नव्हता. मी म्हटलं, एकदा काढून दाखव, मोबाइलवर घेते.

"मयत नसताना हेल काढत नसतेत. घरावर येतं," ती म्हणाली.

मी अबोला धरला, जेवले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेळ्या सोडताना तीच म्हणाली, "चल माळावर. तिथं घर न्हाई, कुणाला लागायचं न्हाई." हेलात नाव कुणाचं तरी घ्यावंच लागतं. तिनं माझ्याआधी जन्मून चार महिन्यांत गेलेल्या लेकराचं घेतलं. ती जमिनीवर हात आपटत होती आणि मी आवाज नीट येतोय का ते बघत होते. शरम कशी वाटली नाही, कोण जाणे.

वर्गात मी त्या चालीवर स्वगत म्हटलं. सर खुर्चीतून उठले. रेकॉर्डिंग त्यांनी मागून घेतलं आणि आठ दिवसांनी भूमिका एका डॉक्टरांच्या गोऱ्यापान मुलीला दिली. "चाल तुझीच, पण राणी राणीसारखी दिसायला नको का?" असं हसत म्हणाले. वर तिला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात मारलं. मी मुकाट्यानं शिकवलं. सरांचा राग अजून येतो. स्वतःचा त्याहून जास्त.

स्नेहसंमेलनाला माय नवं लुगडं नेसून आली. भूमिका गेल्याचं मी तिला कळवलंच नव्हतं. मी शेजारी येऊन बसले, तेव्हा तिला ते समजलं. राणीनं तोंड उघडलं आणि मायनं पदर तोंडात कोंबला. स्वगत संपलं तसा सगळा हॉल उभा राहिला.

बसस्टँडवर झरीची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवता ठेवता माय वळली.

"माझ्या मेल्या लेकरावर लोकांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "तू बी वाजवल्यास."