काकूंच्या पोटाची बातमी

मंडळी, एका वाक्याची किंमत सांगतो. कळंबची हिरामावशी आठवडाभर भरली टोपली घेऊन परत गेली.

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत तिची मासळी कुणी घेईना. "तिचे बोंबील खाऊन एक बाई दवाखान्यात आहे," असं जिन्यात कानावर आलं. वालीवच्या माझ्या वर्कशॉपात मी मशीनचा बिघाड आवाजावरून ओळखतो, ही तर साधी कुजबुज. आज सकाळी प्रत्येकाला एवढंच विचारत गेलो, "तुम्हाला कोणी सांगितलं?" शेवटी तळमजल्यावरच्या काकूंच्या दारात पोचलो.

"अहो, पोट जड झालंय एवढंच म्हणाले मी," काकू ओशाळल्या. "चव लागली म्हणून जरा जास्तच खाल्ले."

"मग हेच फाटकापाशी येऊन सांगा."

तिथे मावशी टोपली उचलतच होती. "दादा, आज पन भवानी नाय झाली."

काकूंनी सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं आणि पहिली खरेदी स्वतः केली. मावशीने नोट कपाळाला लावली आणि मग बायकांची झुंबडच उडाली.

तुमच्या सोसायटीत असं "कोणी सांगितलं" विचारणारं कोणी आहे का? नसेल तर मला बोलवा, अफवेला आपल्यासमोर टिकाव नाही.

मी वर घरी जाऊन पिशवी घेऊन खाली उतरेपर्यंत बोंबील संपले होते. आज आमच्याकडे वरणभात.