गाडीच्या पोटाला पत्रा

मोटारीचं पोट ही बघायची जागा नाही, एवढं तरी मला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत कळायला हवं होतं. तिथं असतं काय? सायलेन्सरची नळी, तेलाचे ओघळ, वाळलेला चिखल आणि कुठंकुठं चिकटलेलं शेण. शहाणा माणूस गाडी वरून पुसतो, हॉर्न वाजवतो आणि पुढं जातो. मी वाकून बघितलं.

गाडी विलायती, दोन सीटची, बिनछताची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान. आमच्या कंपनीतले एक साहेब कायमचे परदेशी निघाले, ते जाताना ती माझ्या गळ्यात घालून गेले. "चालव, पण भंगारात घालू नकोस," एवढंच म्हणाले. संत तुकाराम नगरात आमच्या दोन खोल्यांसमोर, सायकली आणि स्कूटरींच्या रांगेत ती उभी राहिली की येणारा-जाणारा विचारायचा, "छप्पर कधी टाकणार, राव?"

तिला एक खोड होती. खड्ड्यातून गेली की ती कमरेत वाकायची आणि डावीकडचं दार आपोआप उघडायचं. डावीकडं बायको बसायची. भोसरीजवळ एकदा असंच दार उघडलं आणि तिची पर्स रस्त्यावर पडली. मला ते अर्धा मैल पुढं गेल्यावर कळलं, कारण तोवर ती माझ्याशी बोलत नव्हती.

तेव्हा चॅसिसला खालून लोखंडी पट्ट्या आडव्यातिडव्या मारून ती ताठ करायची, हा विचार काही वेडेपणाचा नव्हता. तिथंच थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण त्याच सुमारास टूलरूममध्ये कुणीतरी टाकून दिलेलं एक परदेशी मासिक माझ्या हाती लागलं. त्यात शर्यतीच्या गाड्यांची चित्रं होती. त्या गाड्यांचं पोट म्हणे पाटासारखं सपाट असतं. वारा खालून सुरळीत निघून जातो आणि भरधाव वेगात गाडी रस्त्याला चिकटून राहते. झालं! आपल्या गाडीच्या उघड्या पोटात वारा भरतो, सगळं दुखणं तेच, असं मी ठरवून टाकलं. 'भरधाव वेगात' हे शब्द मी वाचले होते, नाही असं नाही. नाशिक रस्त्यावर माझा वेग कांद्याच्या बैलगाड्या ठरवतात, हे मात्र तेव्हा आठवलं नाही.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिच्या धाकट्या भावाचा साखरपुडा दसऱ्याला ठरला होता, सकाळी साडेदहाचा मुहूर्त. मुलीकडची मंडळी चाकणच्या पलीकडची, हमरस्त्यापासून दोन मैल आत. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यामुळं नव्या मुलीची ओटी भरायची ती थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या हिनंच. साडी, नारळ, सजवलेला साखरेचा पुडा, सगळं आमच्या घरून जायचं होतं.

"आईच्या जागी मी उभी राहणार आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मला उशीर झालेला चालायचा नाही. मी एसटीनं जाते."

"एसटीनं? घरात मोटार असताना?"

"मोटारीला तुम्ही हात लावणार म्हणताय ना? मग मी एसटीनं जाते."

"अगं, दसऱ्याच्या आत दोनदा पुरी होईल. माझा शब्द."

तिनं तांदळातला एक खडा उचलला, माझ्याकडं बघत लांब फेकला आणि मान डोलावली. ती चूक मात्र तिची.

मदतीला माझा वेल्डर दोस्त होता, मूळचा परभणीकडचा. हाताला सोनं, जिभेला लगाम नाही. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. लागोपाठ चार गुरुवार आम्ही गाडीखाली काढले. गाडीची पुढची आणि मागची टोकं दोन-दोन पिंपांवर टेकवली आणि मधल्या मोकळ्या जागेत उताणे शिरलो. वेल्डिंग सुरू झालं की अख्ख्या इमारतीतले रेडिओ खरखरायचे आणि वरून कुणीतरी ओरडायचं, "कामगार सभा ऐकू द्या की हो!"

"राव, ही दारं लावून घ्या," दोस्त दुसऱ्या गुरुवारी म्हणाला. "उठताना दर टायमाला डोस्क्याला लागायलंय."

मी दोन्ही दारं लावून घेतली. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. कंपनीत माझं काम काय होतं? ट्रकच्या केबिनला दार बसलं की दार आणि चौकट यांच्यातली फट मोजायची. दिवसातून शंभरदा, आठ वर्षं. फट कमी भरली की केबिन परत पाठवायची आणि दार बसवणाऱ्याला चार शब्द सुनवायचे. फट मोजायची ती पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात असायची. गाडीखाली उताणा पडलो की तीच पट्टी खिशातून निसटून हनुवटीवर यायची आणि मी चिडून ती परत आत कोंबायचो.

चौथ्या गुरुवारी लोखंड बसलं. मग रोज शिफ्टवरून आलो की पत्रा. ॲल्युमिनियमचे सहा तुकडे, पुढच्या बंपरपासून मागच्या चाकांपर्यंत. दोस्तानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "इंजनाचं तेल कुठनं काढणार?" मी म्हटलं, ते नंतर बघू. "आणि सायलेन्सरची गर्मी कुठं जाणार?" मी म्हटलं, तू वेल्डर आहेस, वेल्डरसारखा वाग. तो राग धरून दोन दिवस आलाच नाही.

शेवटचा बोल्ट आवळला तो खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी सगळी हत्यारं रॉकेलनं धुतली, पुसली, पाटावर मांडली. पाने, हातोडा, करवत, नवं कोरं ड्रिल. बायकोनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मग शेजारच्या आठ जणांना बोलावून एकेक टोक उचललं, पिंपं सरकवली आणि गाडी चाकांवर उभी केली. टाळ्या पडल्या. मी ऐटीत डाव्या दाराच्या मुठीला हात घातला.

दार उघडेना. उजवीकडं गेलो. तेही उघडेना.

खिशातून पट्टी काढली आणि फटीत घालायला गेलो. पण पट्टी घालायला फटच नव्हती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. टोकांवर टेकवलेली गाडी जुन्या बाजेसारखी मधोमध खाली बसली होती आणि आम्ही तिला तशीच, बसक्या पाठीची, जन्मभरासाठी ताठ करून ठेवली होती. चौकटीनं दोन्ही दारं दाताखाली धरली होती.

"एक जोड कापला की सुटेल," मी म्हणालो आणि पाटाकडं वळलो.

"पूजेतल्या हत्याराला हात लावाल तर बघा," बायको म्हणाली. "उद्या दसरा होईपर्यंत नाही."

दोस्ताकडं गेलो. त्याच्या वेल्डिंगच्या सेटलाही हार. "आज?" तो म्हणाला. "खंडेनवमीला? डोस्कं ठिकाणावर हाय का राव तुमचं? परवा या." मग मुंबई-पुणे रस्त्यावरची गॅरेजं धुंडाळली. कुठं उदबत्ती, कुठं आरती. एका गॅरेजवाल्यानं माझं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि हातावर पेढा ठेवला. ज्या गावात एरवी लोखंडावर लोखंड आपटल्याशिवाय एक मिनिट जात नाही, तिथं त्या दिवशी एक पाना फिरवायला माणूस मिळेना. मी स्वतः तरी कुठं फिरवला? मी तसलं काही मानत नव्हतो, चारचौघांत तसं बोलायचोही. पण ड्रिल नवं होतं.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता बायको जरीची साडी नेसून बाहेर आली. मी गाडीशेजारी स्टूल मांडून ठेवलं होतं. तिनं स्टुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"छप्पर नाही ते बरंच आहे," मी म्हणालो. "वरून बसता येतं."

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. मग गॅलरीत जमलेल्या समस्त बिऱ्हाडांकडं मान वर करून म्हणाली, "आणि तुम्ही बघू नका." कुणीही मान वळवली नाही. तिनं साडी आवरली, दारावरून पाय टाकला आणि आत बसली. मांडीवर साखरेचा पुडा, पायाशी साडी-नारळाची पिशवी.

मोशी ओलांडेपर्यंत मी देवासारखा खूश होतो. गाडी एकदाही वाकली नाही.

"बघ, दार उघडलं नाही," मी म्हणालो.

"ते आता कशानं उघडणार?"

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, पाय भाजतायत." सायलेन्सरची सगळी धग पत्र्यानं आत कोंडून धरली होती. माझेही तळवे पोळत होते, पण मी पेडलवर एकेक पाय आळीपाळीनं ठेवत गाडी हाकत राहिलो. चाकण आलं तेव्हा तिनं चपला नारळावर आणि पाय चपलांवर ठेवले होते.

हमरस्ता सोडला आणि बैलगाडीची वाट लागली. दोन बाजूंना खोल चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंच वरंबा. गाडीच्या पोटाखाली आता चार बोटं जागा उरली होती. पहिल्यांदा नुसतं खरडल्यासारखं झालं. मग खालून धबाधब आवाज सुरू झाला. पत्र्याचे तुकडे जोडताना मी एकावर एक उलटे चढवले होते. कौलं शाकारणाऱ्या कुणीही ते सांगितलं असतं. मागच्या प्रत्येक तुकड्याची कड पुढं तोंड वासून होती, आणि ती वरंब्यावरची माती आणि वाळकं गवत भसाभसा आत घेत होती. शंभर पावलं गेलो असू. गाडी वरंब्यावर पोट टेकून बसली, मागची चाकं चाकोरीत नुसतीच फिरायला लागली, आणि सीटच्या मागून धूर यायला लागला.

"जळतंय," ती म्हणाली.

"गवत आहे. विझेल."

"किती वाजले?"

"दहा."

ती सीटवर उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तिनं पिशवी काखेत मारली, पुडा पोटाशी धरला आणि दारावरून खाली उडी टाकली. स्टूल-बिल काही नाही. चपला पिशवीतच. दोन पावलं गेली आणि वळली. तिचे डोळे भरले होते.

"आईची जागा होती हो," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं मी." आणि चालू पडली. नुसती चालली नाही, शेवटी पळाली. मोकळ्या रानातून ती जरीची साडी लांबवर चमकताना दिसत होती, आणि मी ओंजळीनं माती टाकत विलायती गाडीचं पोट विझवत होतो.

धूर विझला. अंगावर जरीकाठी उपरणं, नवं धोतर नेसलेला मी गाडीखाली सरपटलो आणि हातानं गवत उपसायला लागलो. माझ्या आयुष्यात तेवढं लांबलेलं दुसरं काम मला आठवत नाही. घड्याळ बघायची हिंमत नव्हती. साडेदहा केव्हा वाजून गेले कुणास ठाऊक, आणि कधीतरी कानाशी काठी टेकल्याचा आवाज आला.

"पाव्हणं," सासरे होते, "खाली काय गावलं का?"

"ओटी?" मी खालूनच विचारलं. "वेळेवर?"

"झाली. पोरगी पळत आली. पाय मातीनं भरल्यालं, पर आली. भटजी थांबलं व्हतं वाईच." मग ते वाकून चाकोरीकडं बघत म्हणाले, "नांगरट मातर ब्येस केलीया. तुमी व्हा फुडं, जेवून घ्या. आमी बैलं लावून काढतू हिला."

मी मांडवात पोहोचलो तो कोपरापर्यंत काळा, डोक्यात गवत, धोतराला तेल. दारातच मुलीच्या चुलत्यांनी अडवलं. "मिस्त्री ना तुमी? गाडीवालं? हितं बसा, भाईरच्या पंगतीला." मी बसलो. खरं सांगायचं तर मिस्त्री म्हटल्याचंही त्या घडीला बरंच वाटलं.

वाढायला बायकाच होत्या, आणि जिलबीचं ताट घेऊन आली ती आमची ही. कपाळाला मळवट, चेहरा शांत. तिनं मला ओळखलं.

"मिस्त्री, गाडी निघाली का?"

"नाही अजून."

"मग सावकाश जेवा." दोन जिलब्या वाढल्या, थोडं थांबून तिसरीही वाढली.

तेवढ्यात मागून मुलीच्या आत्यानं तिला विचारलं, "बाई, तुमचं मालक न्हाई व्हय आलं?"

"येतील ना," ती पुढच्या पानाकडं सरकत म्हणाली. "मोटारीनं निघालेत. वेळ लागायचाच."